दोन दलाल आणि तांबट गल्लीतलं कोरडं घर

एका तालुक्याच्या गावात, एकाच पेठेत, घरांचे दोन दलाल समोरासमोर दुकान मांडून बसत. एकाचं नाव सोपान केदारी, दुसऱ्याचं मुनीर बागवान. दोघांतून विस्तव जात नसे.

धंद्याची रीत मात्र दोघांची एकच. गिऱ्हाईक आलं, की आपलं घर दाखवायच्या आधी समोरच्याच्या घराला नावं ठेवायची. मुनीरकडे तांबट गल्लीतलं तळमजल्याचं एक छान घर विकायला होतं. केदारी म्हणे, "घर चांगलंय हो, पण पावसाळ्यात आत पाणी शिरतं." केदारीकडे नव्या इमारतीतले तिसऱ्या मजल्यावरचे फ्लॅट होते. मुनीर हळूच म्हणे, "भिंतीला भेग गेलीय म्हणतात. जाऊ द्या, आपण कशाला कुणाचं वाईट बोलायचं?" एवढं वाईट बोलून झाल्यावर तो चहा मागवी. पाणीही कुणी पाहिलं नव्हतं आणि भेगही कुणी पाहिली नव्हती.

तेजीत हे सगळं खपून गेलं. गावची सूतगिरणी जोरात होती, बाहेरची माणसं येत होती, घरांवर उड्या पडत होत्या. मग गिरणी बंद पडली. माणसं गाव सोडून गेली आणि बांधून तयार झालेली घरं कुलपं लावून उभी राहिली. जी थोडी गिऱ्हाइकं येत, ती एका दुकानात पाण्याचं ऐकत, दुसऱ्या दुकानात भेगेचं ऐकत आणि शेजारच्या गावात जाऊन घर घेत. लोकांनी दोघांवरही विश्वास ठेवला होता, हीच तर पंचाईत! खोटं बोलण्यात इतकं यश क्वचितच कुणाच्या वाट्याला येतं.

केदारी पार खचला. त्याने ठरवलं, दिवाळीपर्यंत एकही फ्लॅट गेला नाही तर दुकान बंद करायचं आणि मेहुण्याच्या गोदामात नोकरीला जायचं. उभं आयुष्य ज्या दुकानात गेलं, त्याची पाटी उतरवायला त्याने माणूसही सांगून ठेवला. मेहुणा स्वभावाने कसा होता, ते केदारीच्या चेहऱ्यावरून कळे.

अशात मालन लोंढे दुकानात आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, नुकतीच बदली होऊन आलेली. बरोबर काठी टेकत तिचे वडील होते. केदारीने मोठ्या उमेदीने दोघांना फ्लॅट दाखवायला नेलं. इमारतीत लिफ्टची जागा होती, लिफ्ट नव्हती. म्हातारबाबा दुसऱ्या मजल्यावरच धापा टाकत पायरीवर बसले.

दुकानात परत आल्यावर मालन म्हणाली, "काका, मुनीरभाईंचं तांबट गल्लीतलं घर आम्हाला पसंत आहे. आण्णांना एक पायरी चढावी लागणार नाही. पण सगळा गाव म्हणतो, तिथं पाणी शिरतं. मुनीरभाई म्हणतात, नाही शिरत. घर त्यांच्याकडचं, ते तसंच म्हणणार. तुमचा जन्म इथं गेला. तुम्हीच सांगा, शिरतं का पाणी?"

एक 'हो' पुरेसा होता. 'हो' म्हटलं, की गिऱ्हाईक आपलं. लिफ्ट लवकरच येणार, असंही सांगता आलं असतं. लवकर म्हणजे कधी, ते कोण विचारतंय! दुकान वाचलं असतं आणि मेहुण्याचं तोंड बघावं लागलं नसतं. केदारीच्या ओठांवर तो 'हो' आलाही होता.

तेवढ्यात आण्णा गुडघा चोळत म्हणाले, "नसेल ते घर चांगलं तर राहू दे पोरी. हे घे. मी चढीन हळूहळू."

केदारीला लाज वाटली. इतकी वर्षं तो घरांना नावं ठेवत आला होता. त्या नावांपायी कुणाला रोज तीन मजले चढावे लागतील, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"नाही शिरत," तो म्हणाला. "त्या घरात कधीच पाणी शिरलेलं नाही."

"मग गाव असं का म्हणतो?"

"मी सांगितलं म्हणून."

मालन त्याच्याकडे बघतच राहिली. मग तिने वडिलांचा हात धरला आणि रस्ता ओलांडून ती मुनीरच्या दुकानात गेली. आपल्या तोंडाने आपलं गिऱ्हाईक समोर पाठवणारा दलाल त्या पेठेने पहिल्यांदाच पाहिला. केदारी घरी जाऊन म्हणाला, "संपलं. आता गोदामच." बायको म्हणाली, "आधी जेवून घ्या."

मालनने त्या घराचा विसार दिला आणि मुनीर तडक केदारीच्या दुकानाची पायरी चढून आला. केदारी म्हणाला, "ये. शिव्या द्यायला आला असशील तर दे. माझ्या कर्माची फळं आहेत."

"द्यायलाच आलो असतो," मुनीर म्हणाला. "पण त्या पोरीनं तू काय बोललास ते सांगितलं, आणि शिव्याच आठवेनात. ऐक, दलाली अर्धी तुझी."

"घर तुझ्याकडचं होतं."

"विकलंस तू! मी 'कोरडं आहे, कोरडं आहे' म्हणून घसा कोरडा केला, कुणी ऐकलं नाही. तू एकदा म्हणालास आणि घर गेलं." मग मुनीर जरा घुटमळला. "आणि सोपान, तुझ्या इमारतीची ती भेग..."

"कुठली भेग?"

"तेच सांगतोय. नाहीये ती."

दोघेही इतके हसले, की शेजारचा शिंपी काम टाकून बघायला आला. मुनीरने तिथूनच एका कॉलेजातल्या मास्तरांना फोन लावला. मास्तरांना नि त्यांच्या बायकोला वरच्या मजल्याची हौस होती. भेगेचं ऐकून ती दोघं माघारी गेली होती. मुनीर म्हणाला, "सर, केदारींच्या इमारतीबद्दल मी चुकीचं बोललो. भिंती धडधाकट आहेत. मी स्वतः दाखवतो." नवराबायको आली, भिंतींवर थापा मारून झाल्या, जिने भराभरा चढून झाले आणि फ्लॅट विकला गेला.

केदारीचा जीव भांड्यात पडला. पाटी उतरवायला आलेल्या माणसाला त्याने चहा पाजून परत पाठवलं आणि मेहुण्याला कळवलं, "तुमची कृपा आहे, पण नको."

मंदी काही हटली नाही. गिरणी बंदच होती. पण गावात आलेलं गिऱ्हाईक आता शेजारच्या गावी जाईना, कारण पेठेत नवी रीत पडली. घर दाखवून झालं, की केदारी म्हणे, "माझ्या घरात काय खोट आहे ते समोर विचारून या." मुनीरही तेच म्हणे. खरीच खोट असली तर समोरचा तीही सांगे. मग मालक आधी ती दुरुस्त करून घेई आणि त्यानंतर घर विकलं जाई.

तात्पर्य: दुसऱ्याच्या मालाला काळिमा लावून आपला माल उजळत नाही, सगळी पेठच काळवंडते; पडत्या काळात प्रतिस्पर्ध्याबद्दल बोललेला एक खरा शब्द दोघांचीही दुकानं तारतो.