दुखऱ्या केसांचा राजपुत्र

एका राज्यात वज्रसेन नावाचा राजा राज्य करत होता. राज्य लहान, पण नेटकं होतं. विहिरींना पाणी होतं, आंब्यांना मोहर होता, आणि राजाला रत्नकेतू नावाचा पाच वर्षांचा मुलगा होता. सगळा वाडा त्याला बाळराजे म्हणत असे.

बाळराजे गुणी होते. दूध पीत, पाढे म्हणत, हत्तीला नमस्कार करत. पण कात्री दिसली की पलंगाखाली जाऊन बसत आणि असा टाहो फोडत, की तबेल्यातले घोडे दावी तोडत.

केस कापायला तर हवेच होते, कारण ते केस साधे नव्हते. भराभर वाढत. वेणी घातली की सुटे, अंबाडा बांधला की उलगडे. राज्यातले सगळे न्हावी येऊन गेले. कोणी खडीसाखर दिली, कोणी डोळे वटारले. शेवटी राजाने चार सेवकांना हुकूम केला. दोघांनी हात धरले, दोघांनी पाय धरले, आणि बाळराजांचे केस कापले गेले. मुलगा रडून रडून निजला. सकाळी उठून पाहतात तो केस दुप्पट! काल कमरेला होते, ते आज घोट्यांपर्यंत आले होते.

तेव्हा राणी पद्मावळी म्हणाली, "महाराज, आता केवडाला बोलवा."

केवडा ही राजन्हावी धोंडाजीची लेक. बापाचे हात थरथरू लागले, तेव्हापासून कात्री-वस्तऱ्यांची धोकटी तिनेच उचलली होती. अंगाने सडपातळ, बोलायला कमी, आणि हात असा हलका, की म्हातारे तिच्यापुढे बसल्या बसल्या पेंगत.

केवडा आली. तिने धोकटी दाराबाहेर ठेवली, आत गेली, आणि पलंगाशेजारी जमिनीवर आडवी झाली. पलंगाखाली, मांडीवर गोळा केलेल्या केसांच्या वर, दोन डोळे चमकत होते.

"बाळराजे, मी केवडा. माझ्या हातात काही नाही."

"दाखव."

तिने दोन्ही तळवे दाखवले.

"कात्रीचं काय वाटतं तुम्हाला?"

"दुखतं."

"कुठे दुखतं?"

"केसांना."

दारात जमलेली दरबारी मंडळी हसली. प्रधान म्हणाले, "केसांना कधी दुखतं का?" राजाही हसला. केवडा मात्र हसली नाही.

"असेल," ती म्हणाली. "बघू या."

तिने बाळराजांना बाहेर बोलावलं, त्यांच्या डोळ्यांवर राणीचा शेला बांधला आणि केसांचं एक टोक चिमटीत अलगद दाबलं.

"आई गं! डावीकडचा."

डावीकडचाच होता. तिने मागचा एक केस दाबला. "मागचा!" मग केस उचलल्यासारखं केलं, पण दाबला नाही.

"आता कुठे दुखलं?"

"आता तर तू काहीच केलं नाहीस," बाळराजे म्हणाले.

 राजाचा चेहरा उतरला. तो आसनावरून उठला आणि मुलापुढे गुडघे टेकून बसला.

"बाळराजे, तुम्ही खरं सांगत होता. आम्ही चार माणसांकरवी तुम्हाला धरवलं. आमचं चुकलं."

इतक्यात खिडकीत एक पक्षी येऊन बसला. हुप्प्या त्याचं नाव, डोक्यावर फणीसारखा तुरा. तो माणसाच्या वाणीने बोलू लागला.

"राजा, ऐक. या मुलाचं जावळ काढलं, तेव्हा धूम्रकर्ण जादूगार ते मागायला आला होता. त्याला जावळाचा दोर वळून चंद्र खाली ओढायचा होता. राणीने जावळ त्याला दिलं नाही, रीतीप्रमाणे नदीत सोडलं. जाताना त्याने मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि पुटपुटला, 'केसाकेसात जीव येवो. बळाने कापलेला केस दुप्पट वाढो. आणि केस भुईला टेकतील, त्या दिवशी मूल माझं होवो.'"

राणी म्हणाली, "पक्षिराज, हे आजवर का नाही सांगितलंत?"

"मला कोणी विचारलं नाही," हुप्प्या म्हणाला. "आता उतारा ऐका. अस्वलाच्या गुहेत चंदनाची फणी आहे, तिने गुंता सुटेल. कासवाच्या डोहात पाणी आहे, त्याने दुखणं सुटेल. धूम्रकर्णाच्या भांडारात एक कात्री आहे, तिने शाप सुटेल. पण तिन्ही गोष्टी मागून मिळवायच्या, हिसकावून नव्हे. आणि शेवटी मुलाने आपल्या तोंडाने 'काप' म्हणायला हवं."

राजाने सैन्य सज्ज करायला सांगितलं. केवडा म्हणाली, "महाराज, मागायला सैन्य कशाला? मी जाते. बाळराजांनी यायचं का, ते त्यांनाच विचारा."

बाळराजांनी विचार केला. "घोडी आहे का?"

"आहे."

"मग येतो."

तांबड्या घोडीवर बाळराजे पुढे बसले, मागे केवडा. केस एका दुरडीत गुंडाळून ठेवले आणि दुरडी मुलाच्या मांडीवर दिली. हुप्प्या वाट दाखवत पुढे उडाला.

दोन दिवसांनी अस्वलाचं रान आलं. अस्वल गुहेच्या तोंडाशी बसलं होतं. त्याच्या अंगभर कुसळं रुतली होती, केसांच्या गाठी झाल्या होत्या. जो कोणी जवळ जाई, त्याला ते फाडून काढी.

"फणी मागायला आलो आहोत," केवडा लांबूनच म्हणाली.

"मागणारे सगळे आधी मला विंचरू पाहतात," अस्वल गुरगुरलं. "ओढतात. मी ओरडलो तरी ओढतात."

"मी एकच कुसळ काढते. तू 'थांब' म्हणालास की थांबते."

ती जवळ गेली. कुसळाला बोट लावलं मात्र, अस्वल गरजलं, "थांब!"

केवडा थांबली. हात मागे घेऊन उभी राहिली. अस्वल चकित झालं. त्याने जरा वेळाने मान पुढे केली. तिने पुन्हा हात लावला. पुन्हा "थांब!" पुन्हा ती थांबली. बाळराजे घोडीवरून मोजत होते. अस्वल अकरा वेळा थांब म्हणालं आणि केवडा अकरा वेळा थांबली. मग मात्र अस्वल काही बोललं नाही. त्याने पंजे पसरले, डोळे मिटले, आणि दुपार कलेस्तोवर अंग मोकळं करून घेतलं.

"आता मला वारा लागतो," ते म्हणालं, आणि त्याने चंदनाची फणी आपणहून पुढे केली.

पुढे आणखी दोन दिवसांच्या वाटेवर डोह होता. डोहात शंभर वर्षांचं कासव राहत होतं. त्याच्या ओठात कोण्या कोळ्याचा गळ अडकला होता. पाणी मागताच कासवाने विचारलं, "हा गळ काढलात तर पाणी देईन. पण आधी सांगा, काढताना दुखेल का?"

हुप्प्या केवडाच्या कानात कुजबुजला, "जपून. आजवर सगळे म्हणाले, 'मुळीच दुखणार नाही.' खोटं ऐकलं की डोह आटतो आणि बोलणारा चिखलात रुततो."

केवडा शब्द शोधू लागली. तेवढ्यात बाळराजे घोडीवरून उतरले. दुरडी छातीशी धरून ते काठावर गेले.

"कासवआजोबा, दुखेल," ते म्हणाले. "पण थोडाच वेळ. आपण मोठ्याने आकडे मोजू. दहा व्हायच्या आत निघाला नाही, तर केवडामावशी थांबेल."

कासवाने मान बाहेर काढली. "आणि तू काय करशील?"

"मी तुमचा पाय धरून बसेन."

मुलाने कासवाचा खरबरीत पाय धरला. एक, दोन, तीन... सहाला कासव कण्हलं, सातला गळ निघाला. डोह डुचमळला आणि पाणी काठापर्यंत वर आलं. केवडाने भोपळ्याचा तुंबा भरून घेतला.

"लेकरा," कासव म्हणालं, "या पाण्याने तुझं दुखणं जाईल. भीती मात्र जाणार नाही. ती आली तर येऊ दे. तिला शेजारी बसव."

पाचव्या दिवशी धूम्रकर्णाचा काळा गड दिसला. पहिली पायरी चढताच केस वीत वीत वाढू लागले. दुरडी भरली, वर शीग चढली. ती सावरत दोघं भांडाराच्या दाराशी आली.

भांडारात कात्र्याच कात्र्या होत्या. सोन्याच्या, रुप्याच्या, हिरे जडवलेल्या. दारापासून भिंतीपर्यंत माणसं उभी होती, पण ती दगडाची होती. ज्यांनी ज्यांनी विचारल्यावाचून कात्री उचलली, ते उभ्या जागीच दगड झाले होते.

"बाळराजे, कात्री तुमच्यासाठी आहे," केवडा म्हणाली. "तुम्हीच विचारा."

 बाळराजे एक पाऊल पुढे गेले.

"माझ्याबरोबर कोण येतं?"

सोन्याची कात्री खणखणली, "मला उचल! मी मुकुटाखालचेच केस कापते!" रुप्याची म्हणाली, "मला ने! मी विजेसारखी चालते, कळायच्या आत मोकळा होशील!" एकच कल्ला झाला. तेवढ्यात कोपऱ्यातून बारीक आवाज आला. साध्या लोखंडाची, बोटभर लांबीची कात्री होती ती.

"मी आले असते. पण मला भीती वाटते."

"कसली?" बाळराजांनी विचारलं.

"मुलं रडतात त्याची."

बाळराजे तिच्याजवळ उकिडवे बसले. "मलाही भीती वाटते. आपण हळूहळू करू. येतेस?"

"येते," कात्री म्हणाली, आणि त्यांच्या तळहातावर चढून बसली.

तोच दारात धूम्रकर्ण उभा राहिला. ताडासारखा उंच, कानांतून धूर निघत असलेला.

"या, बाळराजे! तुमचीच वाट पाहत होतो."

त्याने फुंकर मारली. दुरडीची राख झाली आणि केस सळसळत खाली सुटले. केवडाने झेप घेऊन पदर पसरला. केस पदरात पडले, पण पाण्यासारखे निसटू लागले. एक बट उचलावी तो दुसरी घसरे. तिने मुलाला खांद्यावर घेतलं, तरी टोकं खाली खालीच येत होती. भुईला आता चार बोटं उरली. तीन उरली.

धूम्रकर्ण हसला. "काप ना, न्हाव्याच्या पोरी! कापलेस तरी माझाच, नाही कापलेस तरी माझाच!"

 मुलाच्या हातून कात्री घ्यावी, सपकन कापावं, जे व्हायचं ते होवो, असं केवडाच्या मनात आलं. तिने हात पुढे केला.

"थांब, मावशी," बाळराजे म्हणाले.

दोन बोटं उरली होती.  पण केवडा थांबली. हात जिथे होता तिथेच राहिला.

धूम्रकर्णाचं हसू विरलं. आजवर त्याने पुष्कळ हात पाहिले होते, पण अशा वेळी थांबलेला हात पाहिला नव्हता.

"आधी पाणी," बाळराजे म्हणाले.

केवडाने तुंबा त्यांच्या डोक्यावर ओतला. केस भिजले, शांत झाले, जड होऊन जरा थबकले.

"आता फणी."

फणी एकदाच फिरली आणि सगळा गुंता सुटला.

बाळराजांनी कात्री केवडाच्या हातात दिली.  एका हाताने त्यांनी तिचा पदर घट्ट धरला.

"मला भीती वाटते आहे," ते म्हणाले. "पण काप. मी मोजतो."

"मोजा."

"एक..."

कच् असा आवाज झाला. पहिली बट पदरात पडली. मुलाने डोळे उघडले. "दुखलं नाही!" तो ओरडला. "दोन! तीन! इकडची पण काप!"

एकेक बट पडू लागली, तसतसा धूम्रकर्णाच्या कानांतला धूर कमी होत गेला. वीस झाले, त्याची उंची गेली. तीस झाले, आवाज गेला. चाळिसाव्या 'कच्'ला तिथे जादूगार नव्हता. डोक्यावर एक केस नसलेला एक ठेंगणा म्हातारा होता, आणि तो घाबरून खांबामागे लपला होता.

दगडाची माणसं खाकरत, शिंकत जागी झाली. वर्षानुवर्षं उभी असल्याने त्यांचे केस गुडघ्यांपर्यंत आले होते. केवडा उंबऱ्यावर बसली आणि तिच्यापुढे रांग लागली. बाळराजे प्रत्येकाशेजारी बसून आकडे मोजत होते. एका मिशाळ शिपायाने तर त्यांचं बोट धरून ठेवलं. ठेंगण्या म्हाताऱ्याला त्यांनी केर काढायला लावलं. इतके केस पडले, की झाडून झाडून त्याची कंबर मोडली, आणि जादू करण्याचा विचार पुन्हा कधी त्याच्या मनात आला नाही.

तांबडी घोडी परतली, तेव्हा राजा-राणी वेशीपर्यंत सामोरे आले. राणीला आधी आपलं मूल ओळखूच आलं नाही. केसांच्या ढिगाखाली एवढा चेहरा होता, कान होते, मान होती, हे ती विसरूनच गेली होती. तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. केस मऊ होते, आणि ते नुसते केस होते.

राजाने केवडाला राजन्हाव्याचं मानाचं पागोटं दिलं. राज्यात नवा नियम झाला, की मूल बोलेल ते आधी ऐकावं, मग त्याला हात लावावा.

आणि बाळराजे? ते कोणाचंच ऐकायला थांबले नाहीत. वाड्याच्या अंगणात ते हात पसरून धावत सुटले होते, गोल गोल, आणि ओरडत होते, "आईसाहेब, डोकं केवढं हलकं झालं! मी उडेन की काय!"

शाप सरला, राज्य हसलं, आणि सांगणाऱ्याची गोष्ट इथे पुरी झाली.