हंजामाईची मूठभर बाजरी

"पण मलाच मागं का, बाबा?"

मिस्कीनबाबा वहाणेचा अंगठा ओढून बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कोणीतरी मागं असावं लागतंच," ते म्हणाले.

"लतीफला ठेवा. त्याला पहिल्या चढालाच धाप लागते."

"त्याच्या हातात निशाण दिलंय."

जोरावरनं लतीफच्या हातातल्या निशाणाकडे पाहिलं. पांढरं निशाण धरून सगळ्यांच्या पुढं चालणं हे आजवर त्याचं काम होतं. आज त्याच्या खांद्यावर पाण्याची मशक होती.

वाळवंटाच्या कडेला तीन उघडे सुळके उभे होते. त्यांच्या पायथ्याशी बाबांची झोपडी. वसंतात रोहिड्याला केशरी फुलं आली की बाबांची माणसं एका दिवसात तिन्ही सुळके चढून येत. तिसऱ्याच्या माथ्यावर एक सपाट दगड होता. ज्याच्या घरचं कोणी गेलं असेल, त्यानं त्या दगडावर पाखरांसाठी मूठभर बाजरी टाकायची. स्वतःच्या हातानं टाकायची. दुसऱ्याच्या हाती पाठवायची नाही, आणि कोणाच्या खांद्यावर बसून वर यायचं नाही.

हंजामाई पदराला बाजरी बांधून तयार उभी होती. तिचा मुलगा पूनम उंट चारायचा. तो तापानं गेला. गेल्या वसंतात ती दुसऱ्या सुळक्यावरून माघारी फिरली होती. सगळे तिच्यासाठी उन्हात थांबले होते, ते तिला सोसलं नाही.

"यंदा पोचले तर पोचले," ती म्हणाली होती. "नाहीतर ही बाजरी कोंबड्यांना घालेन आणि पुन्हा डोंगराचं नाव काढणार नाही."

जोरावर अजून जागचा हलला नव्हता.

"बाबा, दमणाऱ्याला मागं ठेवतात. मी कधी दमलोय? माझ्या पहिल्या वर्षी तुम्हीच दर वळणाला बसत होता. तुमच्यापायी मलाही बसावं लागलं. सगळ्यांना ठाऊक आहे."

लतीफनं जीभ चावली.

बाबा हसले. "खरं आहे. बसत होतो."

मग म्हणाले, "माईच्या मागं चाल... तिला वर पोचव. हात लावायचा नाही."

पहिला सुळका सकाळच्या गारव्यात झाला. वाटेवरच्या काटेरी झुडपांना लाल फुलं होती. माणसं बोलत होती, गात होती.

दुसऱ्या चढाला ऊन लागलं. खडक तापले. गाणं थांबलं. पुढची माणसं वळणाआड गेली आणि निशाण लहान दिसू लागलं.

हंजामाईचा श्वास वाजू लागला.

"माई, बस जरा. दमलीस तू."

"कोण दमलं?" ती म्हणाली आणि उलट भरभर चालू लागली.

थोडं वर गेल्यावर तिच्या पायाखालचा दगड निसटला. ती सावरली.

"घोटभर पाणी तरी घे."

"मागेल त्याला दे. मी मागितलं का?"

"तोंड बघ तुझं, कसं झालंय."

"माझं तोंड मला दिसत नाही. तूही बघू नकोस. आणि जरा लांबून चाल. गुरं हाकल्यासारखी पावलं वाजतात तुझी."

जोरावर लांबून चालू लागला. त्यानंही फरक पडला नाही. ती मागं वळून बघायची आणि आणखी घाई करायची.

दुसऱ्या सुळक्यावर ती खडकाला धरून उभी राहिली. गेल्या वर्षी ती इथूनच फिरली होती. ओठ पांढरे पडले होते. ती वर बघत नव्हती. खालच्या वाटेकडे बघत होती. एक हात पदराच्या गाठीवर होता.

"जोरावर," ती म्हणाली, "तू हो पुढं. माझ्यापायी खोळंबू नकोस. मी जाईन उतरून."

...

जोरावरनं वर पाहिलं. निशाण तिसऱ्या सुळक्याला लागलं होतं. तो पळत सुटला असता तर माथा येण्याआधी त्यानं लतीफला गाठलं असतं.

त्यानं मशक खाली ठेवली आणि तो धोंड्यावर बसला.

"माई... माझ्यानं होत नाही."

"काय होत नाही?"

"चालवत नाही. दमलोय मी."

हा शब्द त्यानं स्वतःसाठी कधी वापरला नव्हता. बोलताना त्याची नजर खाली होती. कान तापले होते.

हंजामाईनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग ती हसली.

"एवढा बैलासारखा गडी!" ती त्याच्या शेजारी धपकन बसली. "मग सांगायचं नाही का रे? मघापासून मलाच बस बस करतोयस. पी, आधी तू पाणी पी."

तो प्यायला. मग ती प्यायली. बराच वेळ प्यायली. कमरेच्या पिशवीतून तिनं गुळाचा खडा काढला, दातानं फोडला आणि मोठा तुकडा त्याला दिला.

"ऊठ आता," ती म्हणाली. "हळू जाऊ. तुला झेपेल तसं."

पुढं ती दोघं दर वळणाला बसली. दर वेळी जोरावरच आधी दमला. एका ठिकाणी तिनं पदरानं त्याचं कपाळ पुसलं.

"पूनम पण असाच. दमला तरी सांगायचा नाही..."

तिनं पदराची गाठ चाचपली आणि पुढचं वळण येईतो ती चालत राहिली.

माथ्यावर पोचले तेव्हा ऊन कललं होतं. बाकीचे खडकाच्या सावलीत भाकरी खात होते. लतीफ उठून उभा राहिला.

"आले, आले, आमचे वाघ आले! सगळ्यांत शेवटी आले!"

माणसं हसली.

"काय रे, मशकीखाली चेपलास की काय?"

जोरावरचा जबडा आवळला. त्यानं तोंड उघडलं.

"हसू नका रे," हंजामाई म्हणाली. तिची मान ताठ होती. "पोर फार दमलं होतं. मी सांभाळून आणलं त्याला."

सगळे जोरावरकडे बघू लागले. बाबाही.

...

"हो," तो म्हणाला. "माईनंच आणलं."

हंजामाई सपाट दगडापाशी गेली. पदराची गाठ तिनं दातांनी सोडवली. मूठ भरली, धरून ठेवली, आणि मग हळूहळू उघडली.

"खा रे," ती म्हणाली.

तिथं एकही पाखरू नव्हतं. ती बाजूला होऊन बसली. थोड्या वेळानं एक चंडोल आला. ती त्याच्याकडे बघत राहिली.

जोरावरनं मशक बाबांपाशी ठेवली आणि बाकीच्यांकडे पाठ करून तो बसला.

"बाबा," तो हळूच म्हणाला, "मी खोटं बोललो. मी दमलो नव्हतो."

बाबांनी त्याचा पाय ओढून मांडीवर घेतला. जोरावर पाय सोडवू लागला. बाबांनी सोडला नाही. ते अंगठ्यानं त्याची पोटरी दाबू लागले.

"बाबा, खरंच... मी दमलो नव्हतो."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "तुझ्या पहिल्या वर्षी मीही असाच दमलो होतो."