राजाचा पांढरा केस आणि हौसाबाईची तगर

सरका पलीकडे, मला टेकू दे. आज सकाळी तुमचा काका गाडी लावायला जागा हवी म्हणून अंगणातली तगर उपटायला निघाला होता ना? म्हणून आज हीच गोष्ट. मध्ये कुणी चुळबुळ करायची नाही.

एकदा काय झालं, एका राजाला आरशात स्वतःच्या डोक्यावर पांढरा केस दिसला. एकच हो, पण राजाची पाचावर धारण बसली. आपण म्हातारे होणार? छे! मग त्याने दवंडी पिटवली, राज्यात पांढरं काही दिसता कामा नये. झालं! लोकांनी धोतरं हळदीत बुडवली. गावंच्या गावं नवरदेवासारखी पिवळी फिरू लागली. दह्याच्या मडक्यांवर फडकी बांधली. बगळे हाकलायला चार माणसं नेमली. राजा मात्र पागोटं घट्ट बांधून बसला. ते तो झोपतानाही काढायचा नाही.

त्या राज्यात एक हौसाबाई माळीण होती. म्हातारी, एकटीच. तिच्या दारात तगरीचं झुडूप होतं. माझ्या कमरेएवढं, गोल, बाराही महिने हिरवं आणि पांढऱ्या फुलांनी भरलेलं. हौसाबाई लग्न होऊन निघाली तेव्हा आईने माहेरच्या तगरीची काडी तिच्या ओटीत घातली होती. पुढे आई गेली, माहेरचं घरही पुरात गेलं. आईचं म्हणून हे एवढं झाडच उरलं होतं. रोज सकाळी ती त्याच्यापाशी बसून आईशी बोलावं तसं बोलायची.

मग शिपाई आले. त्यांचा सुभेदार म्हणाला, "हौसाबाई, झाड काढ."

"नाही काढत."

"आणि डोक्यावर पदर घे. केस पांढरे दिसतात."

"केस माझे आहेत. अंगणात बसून उन्हात वाळवणार. महाराजांना म्हणावं, दुसरीकडे बघा."

अशी होती बरं का ती! शिपायांनी मग एकूण एक फूल खुडून नेलं. पण तगरच ती. दुसऱ्या दिवशी उजाडलं तर फुलं दुप्पट.

मग शिपाई कोयते घेऊन आले आणि शेंडे छाटले. आता तगर कापली की दुधासारखा चीक येतो. हा चीक काही साधा नव्हता. तो उडाला तो थेट सुभेदाराच्या मिश्यांवर, आणि मिश्या पांढऱ्याफेक! घासल्या, धुतल्या, चिंच लावली, काही उपयोग नाही. सुभेदार तोंडावर उपरणं धरून पळाला. आणि शेंडा छाटला की झाड खालून भरतं, हे त्या खुळ्यांना कुठलं ठाऊक? महिन्याभरात तगर आधीपेक्षा दाट झाली.

मग तिसऱ्यांदा स्वतः राजा आला. रागाने लाल. म्हणाला, "मुळापासून खणा! आणि हिच्या दारापासून माझ्या वाड्यापर्यंत रस्त्याच्या दोन्ही कडेला या झाडाच्या तोडलेल्या काड्या रोवा. लोकांना कळू दे, माझं न ऐकणाऱ्याचं काय होतं ते."

हौसाबाईसमोर आईचं झाड खणून काढलं. ती रडली, बरं का. खूप रडली. धीट माणसंही रडतात, त्यात लाजायचं काही नाही. पण डोळ्यांतून पाणी वाहत होतं तरी डोकं चालत होतं. पदराने नाक पुसून ती शिपायांना म्हणाली, "रोवायच्या तर नीट रोवा. खालचं टोक तिरकं छाटा, म्हणजे मातीत रुतेल. वीतभर खोल घाला. आणि उलटसुलट नको हं, नाहीतर लोक महाराजांना हसतील."

राजाला वाटलं, म्हातारी घाबरली, वठणीवर आली. म्हणाला, "ती सांगते तसं करा."

केलं! कोसभर रस्ता, हजार काड्या, सगळ्या माळिणीने सांगितल्या तशा. वर श्रावणातल्या सरी. मी सांगायला नको, तुम्हीही काडी लावली आहे माझ्याबरोबर.

दसरा आला. राजा सीमोल्लंघनाला वाड्याबाहेर पडला आणि जागच्या जागी थांबला. रस्त्याच्या दोन्ही कडांना तगर. हिरवीगार, ठेंगणी, आणि फुलंच फुलं. राजा ओरडला, "कापा!"

पांढऱ्या मिश्यांचा सुभेदार हात जोडून म्हणाला, "कापतो महाराज. पण एवढ्या काड्या टाकायच्या कुठे? टाकू तिथे रुजतील."

राजाने संतापून पागोटं काढून जमिनीवर आपटलं. आणि बघतात तर काय, सगळं डोकं पांढरं! एक केस काळा नाही. तेवढ्यात गर्दीतून हौसाबाई म्हणाली, "अगंबाई, महाराजही फुलले की!"

मग जे हसू फुटलं! हत्तीवरचा माहूतसुद्धा हसला. राजा आधी रागावला, मग त्याने डोक्यावरून हात फिरवला. वारा लागत होता, बरं वाटत होतं. पागोटं त्याने परत उचललंच नाही. संध्याकाळी दवंडी मागे घेतली. बगळे परत आले, लोक पुन्हा पांढरी धोतरं नेसले, आणि सगळे सुखाने राहिले.

हौसाबाईने रस्त्यावरून एक काडी मोडून आणली आणि पुन्हा दारात लावली. हजारांतली एक. तरी आईचीच ना ती?

आता डोळे मिटा. आणि गाडीवाल्या, दाराआड उभा राहून ऐकतोयस ना रे, मला दिसतोयस. कोयता कोठीच्या खोलीत आहे. उद्या काप खुशाल. काड्या तेवढ्या मला आणून दे. चल, तूही झोप जा.