जावेचं अंगण

चपला तिकडं काढा पाव्हणं, अंगण ओलं हाय. आता मला सांगा, ही बाई वाकून सारवतीया ते अंगण कुणाचं? तिचं? चुकलात. तिचं घर पल्याडचं, निळ्या दाराचं. अन् निळ्या दारापुढं जी वाकलीया, तिचं घर हे. नाताळाआधीचे, आगमनाचे चार रविवार ह्या खडकमाळावर एक बी बाई आपलं अंगण सारवीत न्हाई. जाऊ जावंचं सारवती, जाऊ नसंल तर शेजारीण शेजारणीचं. ज्यांनी दारापुढं सिमिट केलंय त्यांनी बी कडंला हातभर माती राखून ठिवलीया, बघा. सारवणारीनं सारवायचं कुठं मग?

का, ते सांगतो. पण आधी पैज. शेवट ओळखायचा. गेल्या साली एक कॉलेजातले सर आले व्हते. गोष्ट निम्म्यात असताना म्हणले, "कळलं आजोबा. दारात भिकारी येतो, त्याला हाकलत्यात, अन् तोच प्रभू निघतो." म्हणलं, सर, च्या प्या, गार व्हतोय. ह्या गोष्टीत भिकारी न्हाई. बसा, तुमचं बी बघू.

लई जुनी गोष्ट हाय. मानमोडीचा ताप आला व्हता, सकाळी धडधाकट माणूस संध्याकाळी मातीआड, त्या सालाच्या लगत पुढची. तवा इथं थोडी छपरं अन् बाकी नुसता खडक. दोन सख्ख्या भावांची छपरं समोरासमोर, मधनं गाडीवाट. एकात थोरली जाऊ सगुणा, दुसऱ्यात धाकटी राहेल. सगुणाची कूस उजवली न्हाई. राहेलला एक पोरगं, शमुवेल.

असं सांगत्यात, की ते पोरगं जल्मलं राहेलच्या छपरात अन् वाढलं सगुणाच्या अंगणात. चालाय शिकलं तसं पहिलं वाट ओलांडून तिकडं गेलं. भाकर तिथं, खेळ तिथं, मातीचे पाय धुऊन घ्यायचे ते बी तिथं. सगुणाला मोठी आई म्हणायचं. राहेलनं दारातनं हाक मारली की म्हणायचं, "आलो गं," अन् यायचं न्हाई. हसू नका. जिचं पोर हाय तिला इचारा, हसायचं हाय का ते. पोट हिचं, कळा हिच्या, अन् मोठी आई ती. एकदा म्हणं हिनं पोराला ओढत आणला, छपराच्या मेढीला बांधला अन् पुढ्यात गूळ-भाकर ठिवली. पोरानं भाकर खाल्ली, गूळ खाल्ला, अन् बांधल्या जागी बसून समोरच्या अंगणाकडं बघत ऱ्हायलं.

आता सगुणाचं अंगण व्हतंच तसं. पांढऱ्या मातीनं चोपल्यालं, वर शेणाचा हात असा फिरवल्याला की पाय ठिवला तर गार वाटावं. पादरीसाहेब महिन्यातनं एकदा तट्टावर बसून यायचे, ते उतरायचे तिथंच, तांब्याभर पाणी प्यायचे तिचंच. राहेलचं अंगण वाईट नव्हतं हो. चांगल्या अंगणाच्या समोर व्हतं, एवढाच त्याचा गुन्हा.

मग मानमोडी आली. वस्तीतली निम्मी पोरं नेली, त्यात शमुवेल गेला. आईच्याच मांडीवर गेला. पर शेवटचं पाणी त्यानं कुणाच्या हातचं मागितलं, ते मी सांगाय नको.

साल सरलं, आगमनाचा पहिला रविवार आला. पादरीसाहेबांनी शाळेच्या छपरात वचन सांगितलं. म्हणले, प्रभू परत येणार. कवा येणार ते कुणाला ठाव न्हाई. येताना आपली मातीत निजल्याली माणसं संगं घेऊन येणार. तवा घरं झाडून-सारवून, जागं राहून तयार असा.

आमच्या खडकमाळाची माणसं तवा शब्दाला शब्द धरणारी. सारवून म्हणलं का, मग सारवून! दुसऱ्या दिवसापासनं माळावर शेणाचा पो पडायच्या आधी त्याला मालकीण मिळाय लागली. बाया म्हशीच्या मागं पाटी घेऊन अशा चालायच्या, की म्हैस लाजायची.

राहेल तर हरखूनच गेली. पोरगं येणार! ह्याच वाटंनं, ह्याच दारात येणार! तिनं त्याचा अंगरखा धुऊन दोरीवर टाकला. दोरीवर टाकला अन् सहज समोर बघितलं, तर सगुणा अंगणात वाकून हात फिरवत व्हती, अन् अंगण नुसतं आरशावाणी.

झालं. राहेल मनात म्हणली, पादरी येतो तो तिथं उतरतो. प्रभू बी आला तर उतरंल कुठं? तिथंच. अन् त्याचं बोट धरून आल्यालं माझं पोर? ते त्या अंगणात उडी टाकंल अन् मोठी आई म्हणून बिलगंल. जित्तं व्हतं तवा वाट ओलांडून माझ्याकडं येत नव्हतं. मरणातनं उठून आल्यावर येईल व्हय?

मग तिनं काय करावं? खोडी काढावी तर अशी. सगुणा भल्या सकाळी अंगण सारवायची अन् घागर घेऊन वढ्यावर जायची. ती वळणाआड गेली, की राहेल पदरातनं मूठभर जोंधळे काढायची अन् त्या ओल्या अंगणात भिरकवायची. पुढचं काम कोंबड्यांचं. सगुणा पाणी घेऊन येईस्तोवर अंगणाची पार नांगरट झाल्याली असायची. कोंबड्यांवर कोण खटला भरणार?

सगुणा पुन्हा सारवायची. दुसऱ्या दिशी पुन्हा तेच. शेवटी ती वाट ओलांडून आली अन् म्हणली, "राहेल, तुझ्या कोंबड्या जरा डालग्याखाली ठेव गं. अंगण टिकंना."

राहेल म्हणली, "कोंबडीला काय कळतंय बाई? जिथं ग्वाड लागतं तिथं जाती. माणसाची पोरं बी जात्यात की."

सगुणा गेली अन् पुन्हा सारवाय बसली. अन् गंमत अशी, की रोज दोनदा सारवून सारवून ते अंगण आणखीच घट्ट झालं, आणखीच देखणं झालं. हिनं बिघडवावं अन् त्यानं उजळावं. राहेलला भाकर गोड लागंना.

आला चौथा रविवार. पादरीसाहेब सकाळीच यायचे व्हते. सगुणानं नेहमीपरीस लवकर सारवलं अन् घागर उचलली. राहेलनं बी आपली शेणाची पाटी कालवून ठिवली व्हती, पर म्हणली, आधी तिचं बघू, मग आपलं सारवू. टाकले जोंधळे. तर थंडी अशी पडल्याली, की एक कोंबडी खुराड्यातनं मान काढीना. हिनं यूऽयू केलं, टाळ्या वाजवल्या. न्हाईच. तवा हिनं लुगडं वर खोचलं अन् आपणच उतरली. ह्या टोकापासनं त्या टोकापर्यंत टाचा घासत अंगण तुडवलं. तेवढ्यात लांबनं तट्टाच्या टापा वाजल्या. हिचं धाबं दणाणलं. मागं न बघता वाट ओलांडून पळाली, छपरात शिरली अन् आतनं कडी घातली.

पादरीसाहेब आले. उतरून पाय टाकणार तर थबकले. ओल्या अंगणात पावलं! हितनं तिथवर नुसती पावलं, अन् माणूस कुणी न्हाई. मागनं आमच्यातले थोर, याकोबतात्या, घोंगडं सावरत आले. त्यांनी बघितलं अन् आरडले, "आला! साहेब, तुमच्या आधी येऊन गेला की हो!"

सारी वस्ती धावली अन् अंगणाच्या कडंला थांबली. कुणी गुडघ्यावर आलं, कुणी गाणं धरलं, कुणी रडाय लागलं. तात्यांनी पावलातली माती बोटावर घेऊन कपाळाला लावली. एक बाई हळूच म्हणली, "टाच भेगाळल्याली दिसती." तात्या म्हणले, "एवढ्या लांबनं चालत आल्यावर तुझी भेगाळणार न्हाई का?"

अन् सगळ्यांच्या तोंडी एकच. सगुणाच्या दारात प्रभू आला. सगुणाच्या अंगणाला पाय लागले.

राहेलनं आत हे ऐकलं. कडी काढून दारात आली, तर समोर सारी वस्ती तिच्याच पायाला नमस्कार करतीया, अन् नाव जावंचं व्हतंय! बायांचा मत्सर मी लई बघितलाय, बाप्यांचा त्याहून जास्त. पर आपल्याच पायाचा मत्सर करायची पाळी तिच्याशिवाय कुणावर आली न्हाई. गप्प बसावं, तर जाऊ जन्माची पुण्यवान ठरती. बोलावं, तर आपण चोर ठरतो. तुम्ही काय केलं असतं? गप्प बसला असता. मी बी. पर जळणारं माणूस हिशोबी नसतं.

ती धावत आली अन् वरडली, "उठा! ते पाय माझे हायत!" अन् सगळ्यांदेखत तिनं आपला पाय एका पावलात ठिवला. बरुबर बसला. दुसऱ्यात ठिवला. बसला. तात्यांनी कपाळ पुसलं.

साहेबांनी एकच इचारलं, "का केलंस बाई?" तर तिनं भडाभडा सगळं सांगितलं. कोंबड्या, जोंधळे, पोराचं वाट ओलांडणं, शेवटचं पाणी. कुणी हसलं न्हाई. तेवढ्यात सगुणा डोक्यावर घागर घेऊन येऊन उभी ऱ्हायली व्हती. तिनं बी ऐकलं. पर ती राहेलकडं बघतच नव्हती. खाली बघत व्हती. घागर उतरवून ती उकिडवी बसली अन् म्हणली,

"राहेल, हे मोठे पाय तुझे. मग तुझ्या मागनं हे कुणाचे?"

तवा सगळ्यांना दिसलं. दर मोठ्या पावलाच्या मागं एक बारकं पाऊल. टाच घासल्याली तिथं बी मागं बारकं पाऊल. आईच्या मागं पोरानं पाय टाकत खेळावं तसं. वस्तीत जी पोरं उरली व्हती ती आणून उभी केली. कुणाचा पाय मोठा, कुणाचा लहान. अन् त्या पावलात डाव्या पायाची करंगळी उठल्यालीच नव्हती. शमुवेलची डावी करंगळी जल्मापासनं शेजारच्या बोटावर चढल्याली. सगुणानंच ते आधी वळखलं. रोज धुतल्याला पाय तिच्या हाताला ठाव व्हता. अन् सांगत्यात, की त्या घडीला बी राहेलच्या मनात आलं, की आधी हिनं का वळखावं.

काय पाव्हणं, ओळखला शेवट? तुम्ही म्हणणार, पोरगं मोठ्या आईच्या दारात गेलं. तोंडावरच लिवलंय तुमच्या. न्हाई. एक बी बारकं पाऊल सगुणाच्या उंबऱ्याकडं गेलं नव्हतं. सारी आईच्या मागं. अंगण सोडून वाटंवर आली. वाटंच्या दगडावर ओल्या शेणाचे ठसे, आधी ठळक, मग फिक्के. पोरगं वाट ओलांडून आलं व्हतं. जित्तेपणी जे केलं न्हाई, ते केलं व्हतं. राहेल रांगत रांगत त्या ठशांमागनं आपल्या अंगणापर्यंत गेली.

अन् अंगण कोरडं. तिनं सारवलंच नव्हतं. आदल्या दिवसांच्या उन्हानं वाळून खडकावाणी टणक झाल्याली भुई. तिच्यावर हत्ती गेला असता तरी पाऊल उठलं नसतं. ती हातानं भुई चाचपत ऱ्हायली. पोरगं तिच्या मागोमाग आत आलं, का तिनं न बघता त्याच्या तोंडावर कडी घातली, अन् ते माघारी गेलं? सारवल्यालं असतं तर कळलं असतं.

सगुणा उठली, राहेलची कालवल्याली पाटी घेतली अन् जावंचं अंगण सारवाय बसली. पुढच्या आगमनात राहेलनं तिचं सारवलं. मग बाकीच्या बायांनी बी तसंच धरलं. तशी बी नजर दुसरीच्याच अंगणावर असती, मग हात बी तिथंच चालू द्या की. आजही आगमन लागलं, की खडकमाळावर कुणाच्या दारापुढली भुई कोरडी राहू देत न्हाईत. आपल्या हातनं सारवायचं ऱ्हाईल, दुसरीच्या हातनं ऱ्हात न्हाई.

राहेल लई म्हातारी झाली म्हणं. दर सालाला सगुणा तिचं अंगण सारवून जायची अन् ही दार सताड उघडं टाकून, ते वाळंपर्यंत उंबऱ्यात बसायची. पाऊल काय पुन्हा उठलं न्हाई. एका सालाला तिनंच काठी टेकत वाट ओलांडली अन् सगुणाला म्हणली, "बाई, त्यो आला अन् आधी तुझ्याकडं आला, तर येऊ दे. जेवाय घाल, पाय धू. मोठी आई म्हणंल, म्हणू दे. फकस्त मला एक हाक मार."

सगुणा म्हणली, "मारीन." एवढं मागून घ्यायला राहेलचं सारं आयुष्य गेलं.