आण्णांचा कान

“...पण मला एवढंच सांगा बाबा, लोकांना हसवलं म्हणजे पाप केलं का?”

दाऊदबाबा चिंचा फोडत बसले होते. प्रश्न ऐकला आणि त्यांनी मान फिरवली. रस्त्याकडे बघू लागले.

धैर्यशीलला ते झोंबलं. पुण्याहून गाडी चालवत यावं, गावाजवळच्या डोंगराच्या पायथ्याशी फकिराच्या या तकियात मांडी घालून बसावं, आणि त्यानेच तोंड फिरवावं? इंटरनेटवरच्या त्याच्या ‘फिस्सकन’ या पानावर रोज एक गमतीचा व्हिडिओ पडतो. उशीर झाला तर लाखो माणसं विचारायला लागतात.

“बाबा, माझ्याकडं बघा तरी.”

“तुझ्याकडं बघितलं की तू अर्धाच ऐकू येतोस,” बाबा रस्त्याकडेच बघत म्हणाले. “डावा कान गेलाय माझा. उजवा तुझ्याकडं केलाय. बोल.”

धैर्यशील वरमला. पण गप्प बसला नाही.

“मी कुणाची टिंगल करत नाही. साध्या गमती असतात. हे बघा की.”

त्याने फोन पुढे धरला. डोळ्यांत पाणी येऊ नये म्हणून हेल्मेट घालून कांदे चिरणारी सून. किराणा दुकानाच्या काट्यावर येऊन झोपलेलं मांजर, आणि त्याला न उठवता साखर मोजू पाहणारा दुकानदार. घोडीवर या बाजूने चढून त्या बाजूने उतरलेला नवरदेव.

नवरदेवाला बाबा इतके हसले की मांडीवरच्या चिंचा घरंगळल्या.

“पुन्हा लाव.”

त्याने पुन्हा लावला.

“पडला, पण फेटा नाही सोडला पठ्ठ्यानं!” बाबांनी डोळे पुसले.

धैर्यशीलला बळ आलं. “आणि हा बघा. हा आमच्या आण्णांचा. माझा सगळ्यात जास्त चाललेला.”

पडद्यावर नुसता एक कान होता. मोठा, केसाळ, वर अर्धी विडी खोचलेली. मुलाने व्हिडिओ कॉल केलेला आणि बापाने फोन सरळ कानाला लावलेला. कान जरा सरकायचा, पुन्हा पडद्याला चिकटायचा. मागे लग्नातली सनई वाजत होती. खाली लिहिलं होतं, ‘आमच्या वडिलांचं मुखदर्शन’.

बाबा हसले. अगदी मनापासून हसले.

“हसलात ना? तुम्ही हसलात, जग हसलं. मग आण्णांनाच काय झालं?”

“काय झालं?”

धैर्यशीलने एक चिंच उचलली आणि उगाच हातात फिरवत राहिला.

“बाजारात वांगी घ्यायला गेले होते. भाजीवालीनं त्यांच्या तोंडाकडं बघितलंच नाही, कानाकडं बघितलं. मग शेजारणीला हाक मारली. मग टपरीवरची पोरं आली... तेव्हापासून ऐन चैतात मफलर गुंडाळून फिरतात. माझा फोन वाजला की उठून गोठ्यात जातात. झोपायलासुद्धा तिकडंच.”

“व्हिडिओ काढून टाक मग.”

“टाकला की. पण लोकांनी उतरवून घेतलाय. टपरीवर अजून वाजतोय.”

बाबांनी टरफलं बाजूला सारली.

“गाव तर पलीकडंच आहे तुझं. घरी का नाही गेलास?”

“फाट्यापर्यंत आलो. पुढं जाईना.”

“गाडी?”

“...मी.”

वरून करंजाची दोन पानं पडली. बाबांनी ती उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले,

“काय म्हणत होते ते?”

“कोण?”

“ज्यांचा कान आहे ते. फोन कानाला लावून माणूस काहीतरी बोलत असेल ना?”

“काही खास नाही हो. घरातलंच काहीतरी. मी तो आवाज काढून सनई टाकली. त्याशिवाय मजा येत नव्हती.”

बाबांनी चिंचेचे हात लुंगीला पुसले. धैर्यशीलच्या हातातून फोन घेतला आणि उजव्या कानाला लावला. डोळे मिटले.

धैर्यशीलला हसू आवरेना. हुबेहूब आण्णा!

“बाबा, तसा नाही धरायचा. तो बघायचा असतो.”

बाबा हलले नाहीत. सनई वाजत राहिली, संपली.

“सनई आहे,” फोन परत देत ते म्हणाले. “माणूस नाही सापडला. मूळचा आहे का?”

धैर्यशील फोनमध्ये मागे मागे जात राहिला. किती गमती होत्या त्यात! मांजरं, नवरदेव, माकडं... त्यांच्या तळाशी तो सापडला. त्याने आवाज मोठा केला.

तोच कान आला. आणि आण्णा बोलू लागले.

“थांब, तू बोलू नगंस. तुजी आई म्हणती ह्यात तोंड दिसतं. तोंडाला काय बघायचंय, हाय तसंच असंल ते. तू खोकून दाखव.”

मग खोकला ऐकू आला. त्याचा स्वतःचा. त्या दिवसांत तो पुण्याच्या खोलीत एकटाच आजारी पडून होता. ते तो विसरूनही गेला होता.

कान पडद्याला आणखी चिकटला.

“आजून छातीत वाजतंय रं. आणि एकदा खोक... हां. कालच्यापरीस मोकळा हाय. आता काढा घे आन् झोप.”

व्हिडिओ संपला.

धैर्यशील पडद्याकडे बघत राहिला. पडदा काळा होऊन गेला तरी बघत राहिला.

“मला वाटलं...” तो अडखळला. “मला वाटलं, त्यांना फोन धरता येत नाही.”

बाबांनी एक चिंच फोडली. चिंचोका वेगळा केला. गर वेगळा केला.

“आता घरी जाऊन पाय धरू त्यांचे?”

“जाशील रे. आधी फोन लाव. तो तोंड दिसणारा.”

“ते उचलणार नाहीत, बाबा.”

“लाव.”

आईने उचलला. तिच्या मागे भिंतीला टेकून आण्णा बसले होते. मफलर कानांवरून गच्च आवळलेला.

“न्हाई रं बोलायचे ते,” आई हळूच म्हणाली. “आत्ता उठून जात्याल बघ.”

“बोलू नका म्हणावं. तू फोन नुसता त्यांच्यासमोर धर, आई.”

एवढं बोलून धैर्यशीलने फोन कानाला लावला.

आता त्याला काही दिसत नव्हतं. म्हशीची साखळी वाजली. आईच्या बांगड्या वाजल्या. “आवो, बघा तर खरं,” ती म्हणाली. मग कितीतरी वेळ काहीच नाही... कान गरम झाला तरी त्याने फोन हलवला नाही.

“ह्यो कुणाचा कान गं?”

“तुमच्या लेकाचा. आन् कुणाचा असतोय?”

म्हशीची साखळी पुन्हा वाजली.

“धुतोय का न्हाई कवा हा?”

आणि आण्णा हसले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने. हसता हसता त्यांना खोकला आला. गोठ्यातल्या ओलीत झोपून धरलेला, जड खोकला.

धैर्यशीलला राहवेना. तो हसरा चेहरा एकदा बघावा म्हणून त्याने फोन कानापासून काढायला हात हलवला.

दाऊदबाबांनी चिंचेच्या चिकट बोटांनी त्याचं मनगट धरलं.

“राहू दे तिथंच,” ते म्हणाले. “बघून झालंय सगळ्यांचं. तू ऐक.”