तांबामायचं पीस

एका राज्यात राजा होता रणधवल. वयाने तरणा, रागाने तापट, मनाने बरा. त्याच्या राज्याच्या वेशीला उंबरांचं अरण्य होतं, आणि त्या अरण्यात तांबपंखी पाखरं राहत. दर्यापलीकडचे खलाशी त्यांना तुराको म्हणत. अंग पानाहून हिरवं, डोईवर ताठ तुरा. उडायचा कंटाळा, पण फांदीवरून खारीसारखी धावत. खाणं काय, तर उंबर आणि रानकेळी. बसलं तर पाखरू दिसायचं नाही; पंख उघडला की आतला तांबडा असा पेटायचा, की बघणाऱ्याचा घास हातातच राहायचा.

पाखरांचा आणि गादीचा जुना वायदा होता. राजाने उंबर तोडू नये. पाखरांनी दर शिलंगणाला एक तांबडं पीस द्यावं, आणि ते राजाने पागोट्यात खोवावं. सात पिढ्या हे चाललं.

पीस खोवायचा मान वाड्याच्या रंगारणीचा. येसाक्का तिचं नाव. तिने रंगवलेलं लुगडं फाटेल, पण रंग सोडणार नाही, अशी चाळीस वर्षांची कीर्ती. हात मनगटापर्यंत तांबडे, जीभ त्याहून तिखट. तिच्या घरची रीत एकच : रेशीम सोडलं तर जे येईल ते आधी केळीच्या राखेच्या खारात भिजवायचं. एका साली वाटेत वावटळ झाली आणि पीस धुळीने माखून आलं. दरबार भरत आला होता. येसाक्काने मागचापुढचा विचार केला नाही, पीस टाकलं खारात.

पाणी झालं लालभडक. पीस निघालं मातकट.

“येसाक्का, हे काय?” राजाने विचारलं.

चाळीस वर्षांत तिला ‘हे काय’ असं कुणी विचारलं नव्हतं. तोंडून निघून गेलं, “महाराज, पाखराचा रंगच कच्चा.”

“म्हणजे सात पिढ्या आम्हांला फसवलं!” राजा उठला, आणि त्याने अरण्यात कुऱ्हाडी धाडल्या. सगळ्यांत थोरला उंबर आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी वाड्याच्या कौलांवर पाखरांची म्होरकी येऊन बसली. तिला तांबामाय म्हणत. ती म्हणाली, “आमच्या तांबड्याला कच्चा म्हटलंत. तुमच्या राज्यात आता तांबडा टिकणार नाही.” एवढं बोलून गेली.

आणि राज्यातला तांबडा उठून गेला. कुंकवाची राख झाली. डाळिंब फोडलं तर आत मोगऱ्याच्या कळ्यांसारखे पांढरे दाणे. कोंबड्याचा तुरा पांढरा पडला, तर तो लाजेने आरवेना. येसाक्काचे हात पिठात बुडवल्यासारखे झाले. कुंकू नाही म्हणून लग्नं थांबली. तिच्या नातीचं, रेवूचं, दोनदा ठरलं आणि दोनदा थांबलं. नवऱ्यामुलाकडच्यांनी निरोप धाडला, पुनवेपर्यंत वाट बघू, पुढे बघणार नाही.

रेवू चुलीपाशी बसली होती. तिने हळूच विचारलं, “आज्जे, रंग खरंच पाखराचा कच्चा होता का गं?”

येसाक्का उठली. तिने भाकरी बांधली, काठी घेतली आणि अरण्याची वाट धरली.

अरण्याच्या तोंडाशी राखी रंगाचे पहारेकरी बसले होते. हे तांबपंख्यांचे चुलतभाऊ. यांना एकच शब्द येतो, आणि तो ते साऱ्या जगाला ऐकवतात.

“जाऽऽ!” एक ओरडला.

“अरे जा काय म्हणतोस अभद्र तोंडाने? आमच्यात निघतानासुद्धा येते म्हणतात.”

“जाऽऽ! जाऽऽ!” सगळे मिळून ओरडले. हरणं पळाली, ससे पळाले. येसाक्का काठी आपटत पुढे चालली. राखी पाखरं बुचकळ्यात पडली. त्यांच्या जन्मात कुणी असं पुढे आलं नव्हतं.

तांबामाय तुटलेल्या उंबराच्या खोडावर बसली होती. शेजारी तिची पिल्लं, आणि पिल्लांचे पंख मातकट.

“शाप फिटायला तीन कामं. एक झालं,” तांबामाय म्हणाली. “हाकललं तरी आलीस. आता सांग. रेशीम कधी खारात घातलंस?”

“नाही. रेशमाला खार सोसत नाही.”

“मग आम्हांला का घातलंस?”

येसाक्काने पदर सारखा केला. “घाई होती. आणि कुणाला विचारायची लाज वाटली.”

“आमचा रंग पावसात जात नाही, दवात जात नाही. तो तांब्याचा आहे. या उंबराची मुळं तांब्याच्या शिरेवर होती; फळातून तो आमच्या पंखांत उतरे. उंबर गेला, पिल्लं मातकट निघाली. दुसरं काम ऐक. डोंगराच्या पोटात ताम्रजट मांत्रिकाचा खजिना आहे. त्यातलं तांबं आणून या खोडाला घाल. पण सांभाळ. जो तिथलं नाणं उचलतो, तो स्वतः तांब्याचा होतो.”

येसाक्का डोंगराकडे गेली. वाटेतल्या झोपडीतून तिने घागर आणि करवंटी मागून घेतली, चिंचा वेचल्या, झऱ्यावर घागर भरली आणि चिंचा त्यात कोळल्या. गुहेत पाचसहा चोर तांब्याचे होऊन उभे होते. एकाचा हात अजून थैलीत. मांत्रिक मरून शंभर वर्षं झाली होती, पण त्याचा आवाज राखणीला राहिला होता.

येसाक्काने कशाला बोट लावलं नाही. चिंचेचं पाणी तिने तांब्याच्या राशीवर ओतलं, खालच्या खळग्यात ते साचू दिलं आणि काठीला टेकून निवांत भाकरी खाल्ली. आंबटाने तांबं सुटून पाणी हिरवंनिळं झालं तसं करवंटीने घागरीत भरून घेतलं.

“काय उचललंस?” आवाजाने विचारलं.

“काही नाही.”

“हात दाखव.”

तिने पांढरेफटक हात दाखवले.

“घागरीत काय?”

“चिंचेचं पाणी. घेतोस घोटभर?”

आवाजाला चव कुठली? त्याने वाट सोडली.

खोडाला ते पाणी पडलं मात्र, खोडातून कोंब आला, कोंबाची फांदी झाली, फांदीला उंबरं लगडली. पिल्लं धावली. खाता खाता त्यांच्या पंखांत तांबडा फुटला. येसाक्काने आपले हात पाहिले. ते पांढरेच होते.

“तिसरं काम राहिलं,” तांबामाय म्हणाली.

“कळलं मला. बोलून दाखवू नकोस.”

“जड आहे?”

“डोंगर हलका होता,” येसाक्का म्हणाली.

पुनवेच्या दुपारी दरबार भरला होता. येसाक्का मधोमध उभी राहिली. तांबामाय खिडकीत येऊन बसली. येसाक्काचं तोंड दोनदा उघडलं आणि दोनदा मिटलं. मग तिला कोपऱ्यात उभी असलेली रेवू दिसली.

“महाराज, पाखराचा रंग पक्का होता. पीस खारात मी घातलं. चूक माझी, आणि वर खोटं बोलले तेही माझं. चाळीस वर्षांचं नाव जाईल म्हणून भ्याले.”

तोच बाहेर कोंबडा आरवला, भर दुपारी, गळा फाडून. येसाक्काच्या बोटांच्या टोकांपासून मनगटापर्यंत तांबडा चढत आला. कुणाच्या कपाळावरची राख कुंकू झाली, कुणाच्या शेल्याचा काठ लाल झाला. सारा दरबार एकमेकांकडे बघून हसू लागला.

“येसाक्का,” राजा म्हणाला, “तुला दंड काय करावा?”

“करा हवा तो. पण अर्धा तुम्ही सोसा. मी खोटं बोलले खरी. चौकशी न करता कुऱ्हाड कुणी धाडली?”

राजाचा चेहराही आता शरमेने लाल झाला होता. तो गादीवरून उतरला, खिडकीशी गेला आणि त्याने तांबामायपुढे पागोटं वाकवलं. तांबामायने पंखातलं एक पीस उपटून त्यात खोवलं. दंड ठरला तो असा : राजाने शंभर उंबर लावावेत, आणि येसाक्काने वर्षभर त्यांना पाणी घालावं. दोघांनी तो निमूट फेडला. येसाक्का पाणी घालताना राजाला आळ्याची माती चुकीची ओढली म्हणून रोज बोले, ते दंडात धरलं गेलं नाही.

रेवूचं लग्न त्या पुनवेच्याच आठवड्यात लागलं. शालू असा तांबडा, की पाखरांनीही मान वाकडी करून पाहिला. राखी चुलतभाऊ मांडवावर बसून पाहुण्यांना “जाऽऽ! जाऽऽ!” ओरडत राहिले, पण जेवल्याशिवाय एकही पाहुणा गेला नाही.

तेव्हापासून त्या राज्यात नवी वस्तू हाती आली की शहाणी रंगारीण आधी विचारते, बाई गं, तुला काय सोसतं? उंबर पिकला, पंख रंगला, शाप फिटला. ऐकणाऱ्याच्या घरचा तांबडा असाच टिको.