आवडीचा दुसरा दिवा

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची, ते विचारू नका. ज्या काळाचं सांगतोय त्या काळी कातळबंदर गावात घड्याळच नव्हतं, मग वर्षं कोण मोजणार?

घड्याळ नव्हतं, पण आवडी गुरवीण होती. ग्रामदेवीच्या देवळात एक मोठं घंगाळ होतं. त्यातल्या पाण्यावर तांब्याची एक वाटी तरंगायची. वाटीच्या बुडाला सुईच्या टोकाएवढं भोक. त्यातून पाणी चढत चढत वाटी भरली की बुडायची, आणि एक घटका झाली म्हणून आवडी घंटेवर टोला द्यायची. आजच्या हिशोबाने चोवीस मिनिटं. अशा साठ वाट्या बुडाल्या की एक दिवस आणि एक रात्र पुरी. मावळतीपासून मोजायला लागायचं आणि दुसऱ्या मावळतीला यायचं. आवडी झोपली असली तरी वाटी बुडताना तिचं बोट हलायचं, असं म्हणतात.

गावातलं सगळं त्या वाटीवर चालायचं. लग्नाचा मुहूर्त वाटीवर, पाण्याची पाळी वाटीवर. आणि सांजेचा दिवासुद्धा. गावातले पुरुष कार्तिकात गलबतं घेऊन मस्कतला जायचे ते वैशाखात परतायचे. तेवढे महिने प्रत्येक घरची बाई सूर्य बुडाला की अंगणात दिवा लावायची, आणि तिचा माणूस समुद्रावर त्याच क्षणी हात जोडायचा. सांज एकच, त्यामुळे दोघांची भेट व्हायची, अशी समजूत.

हिराजी तांडेल, म्हणजे गलबताचा मुख्य, मोठा काटेकोर माणूस. तो एकदा म्हणाला, "आवडीबाय, ढग असले की सूर्य दिसत नाही. माझे हात जोडायचे चुकतात. मला तुझ्या वाटीची जुळी बहीण दे."

आवडीने तांबटाकडून तशीच वाटी घडवून घेतली. दोन्ही वाट्या एकाच घंगाळात सोडल्या, दोन्ही एकदम बुडाल्या. हिराजीने गलबतावर चार दोऱ्यांनी घंगाळ टांगलं आणि गाव सोडतानाच्या मावळतीला पहिली वाटी सोडली. समुद्र कितीही उसळला तरी त्या घंगाळातलं पाणी हलायचं नाही, असं म्हणतात. खरं-खोटं समुद्राला ठाऊक. खलाशी पाळीपाळीने मोजायचे, साठ झाल्या की हिराजी हात जोडायचा.

वैशाखात गलबत परत आलं. हिराजी घरीसुद्धा गेला नाही. ओल्या पायांनी थेट देवळात शिरला.

"आवडे, तुझी वाटी खोटारडी!"

एरवीचं 'आवडीबाय' गेलं ते तिथेच.

"काय झालं रे?"

"काय झालं? मस्कतच्या बंदरात साठावी वाटी बुडाली, मी हात जोडले, डोळे मिटले. उघडतो तर सूर्य अजून हातभर वर! खलाशी दात काढून हसले. तांडेल, भर उन्हात कसली सांज करता? त्यानंतर अडीच वाट्या भरल्या, तेव्हा कुठे सूर्य बुडाला. आणि हे एक दिवस नाही, रोज!"

झालं. गावात गोंधळ उडाला. वाटी खोटी, तर तिच्यावर लागलेले मुहूर्त खोटे. मुहूर्त खोटे, तर लग्नं?

माडावर चढणारा गोमा भंडारी बायकोला म्हणाला, "म्हणजे आपलं लग्न लागलंच नाही की काय गो?"

"मग चाळीस वर्षं मी कुणासाठी भाकऱ्या थापल्या, मेल्या?"

गावचे खोत देवळात आले. पुन्हा दोन्ही वाट्या एका घंगाळात सोडल्या. पुन्हा एकदम बुडाल्या. आता मात्र सगळ्यांचीच मती गुंग झाली. वाट्या खऱ्या, तर मग खोटं कोण? विसूभट जोशी घाबरून म्हणाले, "सूर्यनारायणाला खोटं पाडता काय?" कुणी म्हणालं, मस्कतच्या पाण्यात मीठ जास्त. कुणी म्हणालं, तिकडचा सूर्य आळशी. खोतांनी ठरवलं, एवढ्या घोळापेक्षा आवडीने वाटी खाडीत सोडावी आणि गाव सोडावं.

आवडीने विचारलं, "भटजी, पुढचं चंद्रग्रहण कधी?"

"फाल्गुनी पौर्णिमेला. संध्याकाळीच."

"चंद्राला डाग लागतो तो आपल्याला एकदा आणि मस्कतला एकदा, असा लागतो का?"

"नाही. चंद्र एक, डाग एक. ज्याला चंद्र दिसतो त्या सगळ्यांना एकाच क्षणी."

"मग झालं तर. त्या दिवशी सूर्य बुडाला की मी इथे वाटी सोडेन, हिराजी तिथे सोडेल. डाग लागेपर्यंत किती भरल्या ते दोघांनी मोजायचं."

खोत व्यवहारी. ते म्हणाले, "दोन्हीकडे सूर्य एकदम बुडत असेल, तर दोन्हीकडे सारख्याच भरतील. तसं झालं तर तू गाव सोडायचं. कमी-जास्त भरल्या, तर हिराजीने भर देवळात तुझी क्षमा मागायची."

वर्षभर कातळबंदरात एकही लग्न लागलं नाही. घंटा मुकी. पोरंसुद्धा आवडीला 'खोट्या वाटीची' म्हणून चिडवायची. आवडी कुणाशी भांडली नाही. फाल्गुनी पौर्णिमेला सगळा गाव किनाऱ्यावर जमला. सूर्य बुडाला, तिने वाटी सोडली. एक बुडाली, दोन बुडाल्या, तिसरी बुडाली आणि चंद्राच्या कडेला काळा डाग लागला. तीन.

आता मस्कतला किती, हे कळायला वैशाख उजाडायला हवा होता. चैत्रात तिने आपलं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं, असं म्हणतात.

गलबत आलं. हिराजी देवळाच्या पायऱ्या हळूहळू चढला. वाटी काढून आवडीच्या पायाशी ठेवली. वाटीच्या आत, निम्म्यावर, खिळ्याने ओढलेला ओरखडा होता.

"किती?" आवडीने विचारलं.

"अर्धी, आवडीबाय. सूर्य बुडाल्यावर पहिलीच वाटी अर्धी भरली, तोवर डाग लागला. बघणारा मीच होतो. लबाडी करता आली असती. हात धजला नाही." आणि त्याने भर देवळात कान धरले.

तीन इथे, अर्धी तिथे. मधल्या अडीच कुठे गेल्या? विसूभटांनी तीनदा बोटं मोजली. "म्हणजे त्यांचा सूर्य वेगळा?"

"सूर्य एकच," आवडी म्हणाली. "कासार बांगड्या घेऊन येतो तो आधी आपल्या वाडीत, मग पुढच्या वाडीत. म्हणून पुढची वाडी आळशी, असं म्हणता का? सूर्याचा फेरा साठ घटकांचा. मस्कत आपल्या मावळतीच्या दिशेला, त्या फेऱ्यातल्या अडीच घटका पुढे. आपल्याकडून निघून तिथे पोचायला त्याला तेवढा वेळ लागतो. वाटी इथली सांज सांगत होती, सूर्य तिथली. दोघंही खरे."

जी बाई खाडी ओलांडून कधी गेली नाही, तिने मस्कत किती लांब ते वाटीने मोजलं.

गोमा हळूच म्हणाला, "म्हणजे आपलं लग्न..."

"लागलेलंच आहे, मेल्या. सुटका नाही."

सगळे हसले. हिराजीची बायको पारू मात्र हसली नाही. खांबाला टेकून म्हणाली, "आवडीबाय, मग इतकी वर्षं माझा दिवा यांच्या उन्हातच जळला? भेट झालीच नाही?"

आवडी उठली, पारूजवळ गेली. "पहिला दिवा देवीचा, तो सूर्य बुडताच लाव. मग अडीच वाट्या थांब आणि दुसरा लाव. तो हिराजीचा. लावताना म्हण, 'चला, आता झाली तुमची सांज.'"

आवडी गेली ती अशाच एका सांजेला. शेवटची वाटी तिने सूर्य बुडताच स्वतः सोडली. ती वाटी भरली, तरी सोडल्यापासून अडीच घटका बुडाली नाही. बुडाली तेव्हा मस्कतच्या बंदरात सांज होत होती आणि हिराजीने हात जोडले होते, असं म्हणतात.

आता गलबतं गेली, विमानं आली. मस्कतला फोन लावला की तिथलं घड्याळ दीड तास मागे असतं, आणि आवडीच्या अडीच घटका म्हणजे एकच तास. यावरून गावात अजून वाद होतात. शाळेतले मास्तर सांगतात की आपलं घड्याळ आपल्या सूर्याचं नाही, दूर पूर्वेला मिर्झापूरजवळून जाणाऱ्या रेघेचं आहे. मस्कतवाल्यांनीही आपली एक रेघ धरली आहे, म्हणून अर्धा तास वाढतो. ऐकताना पटतं. घरी येईपर्यंत मिळवायचे की वजा करायचे हे पुन्हा विसरायला होतं, आणि कुणीतरी आपल्या भाच्याला तिकडे पहाटे उठवतंच.

दिव्याचं मात्र कुणी चुकत नाही. कातळबंदरात ज्या घरचं माणूस मस्कतला आहे तिथे आजही सांजेला एक दिवा लागतो, आणि तासाभराने दुसरा. एकीची लेक कॅनडात आहे. तिचा दुसरा दिवा पंचवीस घटकांनी, पहाटे, गाव झोपेत असताना लागतो. ती अंगणात येते, वात सरळ करते आणि आवडीने पारूला शिकवलेलं तेवढंच म्हणते, "चल बाय, आता झाली तुझी सांज."